बाभळीखाली राहिलेली पिशवी

केतकीचा फोन आला तेव्हा नेपरव्हिलमध्ये सकाळपासून बर्फ पडत होतं. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. आफ्रिकेतून फोन यायचा म्हणजे आधी नुसती खरखर, मग आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू यायचा आणि मग कुठे समोरचं माणूस बोलायला लागायचं. आमची ही एकुलती एक मुलगी कॉलेज संपवून वर्षभरासाठी केनियाच्या उत्तरेला, तुर्काना सरोवराच्या काठच्या एका शाळेत शिकवायला गेली होती. इकडच्या मेडिकल कॉलेजनं तिची सीट वर्षभर राखून ठेवली होती. दर महिन्याला ती सामान आणायला नैरोबीला यायची आणि तिथून फोन करायची. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "आई, मी सप्टेंबरमध्ये परत येत नाहीये. मेडिकल कॅन्सल करते. प्लीज रडू नकोस." मी रडले नाही. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

माहूरची रेणुका आमची कुलदेवता. ओट्याच्या वरच्या कपाटात, सीरियलच्या डब्यांच्या शेजारी, तिचा फोटो आणि एक समई एवढंच माझं देवघर. सकाळी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला जाण्याआधी मी तिथे दिवा लावायची आणि देवीशी बोलायची. बोलायची म्हणजे तिला कामं सांगायची. केतकीला अमुक कॉलेज मिळू दे, अरविंदची शुगर आटोक्यात राहू दे, त्याच्या कंपनीत कपात होणार आहे म्हणतात तर त्याचं नाव त्यात येऊ देऊ नकोस. नुसतं काय हवं ते सांगून माझं भागायचं नाही, ते कसं करायचं तेही मी सांगायची. त्या फोननंतर मात्र मी दिवा लावणं सोडून दिलं. इतकी वर्षं मनापासून केलं आणि हिनं माझी पोर माझ्यापासून इतकी लांब, कुठल्या वाळवंटात नेऊन ठेवली! ऐकणारं कुणी आहे तरी का, असं वाटू लागलं. एक प्रकारचा कोरडेपणा आला. भांडणसुद्धा करावंसं वाटेना.

अरविंद, माझा नवरा, देवळात चप्पल सांभाळायला बाहेर थांबणारा माणूस. त्यानंच तोडगा काढला. "इथं बसून किती दिवस उसासे टाकणार? आपण जाऊ तिच्याकडे. तंबू आहेच आपला." विस्कॉन्सिनच्या तळ्यांवर केतकी लहान असताना आम्ही ज्या तंबूत राहायचो तो गराजमध्ये धूळ खात पडला होता. मी म्हटलं, "अरविंद, तू दिवसातून दोनदा इन्शुलिन घेणारा माणूस. तिथे रस्तेसुद्धा नाहीत." तो म्हणाला, "इन्शुलिनला पाय नाहीत, ते आपल्याबरोबरच येतं." त्यानं एक झगझगीत नारिंगी कॅनव्हासची पिशवी आणली, तिच्यावर काळ्या मार्करनं मोठ्या अक्षरांत इंग्रजीत 'मेडिसिन' असं लिहिलं आणि आत बर्फाचा थर्मास, औषधाच्या बाटल्या, सिरिंज असं सगळं इंजिनियरच्या टापटिपीनं बसवलं. मी चकल्या तळल्या, भडंग केलं, मेतकूट बांधून घेतलं. मनात एकच हेतू होता. पोरीला समजावायचं आणि घेऊन यायचं.

नैरोबीच्या विमानतळावर मी तिला ओळखलंच नाही. केस कापलेले, रंग रापलेला, गालांची हाडं वर आलेली आणि डोळे असे चमकणारे की मला तिचा राग येण्याऐवजी हेवाच वाटला. तिच्याबरोबर आमचा ड्रायव्हर होता. कामाऊ त्याचं नाव, पन्नाशीचा, सतत हसणारा गृहस्थ. त्यानं वाकून माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "वेलकम, मामा केतकी." आपल्याकडे केतकीची आई म्हणतात तसंच तिकडेही आईला मुलीच्या नावानं हाक मारतात. मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

आणि मग सुरू झाला तो प्रवास! आजही सांगताना माझा श्वास भरभर चालू लागतो. डांबरी रस्ता संपला तिथे कामाऊनं गाडी थांबवली, चाकांतली हवा थोडी कमी केली आणि म्हणाला, "आता इथून पुढे रस्ता म्हणजे फक्त एक कल्पना." गाडीच्या टपाला मधोमध एक झडप होती. ती उघडून आसनावर उभं राहिलं की कमरेपासून वर आपण बाहेर. अमेरिकेत गाडीत बसल्याबरोबर सीटबेल्ट लावणारी मी, त्या झडपेतून बाहेर डोकं काढून उभी राहिले ती खाली बसायलाच तयार नव्हते. डोक्याला बांधलेला रुमाल उडून गेला. झेब्रे रस्त्याच्या कडेला गावातल्या गाढवांसारखे निवांत चरत होते. एका वळणावर हत्तीण आणि तिचं पिल्लू अगदी समोर! मी "अगं बाई, अगं बाई" म्हणून इतक्या जोरात ओरडले की केतकी हसून हसून खाली बसली. "आई, यू आर वर्स दॅन माय किड्स!" डोंगरमाथ्यावरच्या पहिल्या मुक्कामाला कडाक्याची थंडी होती. शेकोटीवर मी पिठलं केलं, कामाऊनं त्यांची मक्याची घट्ट उकड केली, आणि पिठलं आणि उकड हे इतकं चांगलं जमतं हे आम्हा चौघांनाही त्या दिवशी कळलं. मेडिकलचा विषय मी काढला नाही. तिनंही काढला नाही. दोघीही त्याला वळसा घालून बोलत होतो आणि ते दोघींनाही कळत होतं.

डोंगर उतरल्यावर मुलूखच बदलला. हिरवं संपलं, काटेरी बाभळी तेवढ्या राहिल्या. उंटांचे कळप, लाल वस्त्रं पांघरलेली उंच माणसं, आणि रस्ता आडवा कापत जाणाऱ्या कोरड्या नद्या. अशाच एका नदीच्या वाळूत आमची गाडी रुतली. कामाऊ म्हणाला, सगळं सामान उतरवा, गाडी हलकी करू. तंबू, पाण्याचे कॅन, पिठाच्या पिशव्या, सगळं काठावर काढून ठेवलं. औषधाची पिशवी उन्हात तापू नये म्हणून अरविंदनं ती स्वतः नेऊन थोड्या अंतरावरच्या बाभळीच्या सावलीत ठेवली. मग काट्याकुट्यांच्या फांद्या चाकांखाली घातल्या आणि तिघांनी मागून रेटा दिला. चाकांनी उडवलेली वाळू आमच्या तोंडात, केसांत, कानात. गाडी एकदम सुटली तशी आम्ही तिघं पालथे पडलो आणि उठून लहान मुलांसारखे नाचलो. त्याच आनंदात भराभर सामान चढवलं. ज्याला त्याला वाटलं, पिशवी दुसऱ्यानं घेतली असेल.

पुढचा रस्ता काळ्या दगडांचा होता. नुसते दगड, जिकडे पाहावं तिकडे, जणू कुणी डोंगर फोडून त्याची खडी पसरून ठेवली आहे. गाडी त्यावरून आदळत होती. मध्येच मागून एक मोठा आवाज झाला, कामाऊनं तोंड वाकडं केलं, पण थांबला नाही. एक चढ चढलो आणि केतकी म्हणाली, "आई, डोळे मीट. आता उघड." मी उघडले. त्या काळ्या दगडांच्या पलीकडे, आभाळाच्या टोकापर्यंत, पाणी. निळं नाही, पाचूसारखं हिरवं. वाऱ्यानं त्यावर पांढऱ्या रेघा उमटत होत्या. माझ्या तोंडून आपोआप "आई रेणुके" निघून गेलं. कितीतरी आठवड्यांनी ते नाव माझ्या तोंडात आलं होतं. केतकीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. "म्हणून मला जायचं नाहीये," ती हळूच म्हणाली. मी मनाशी म्हटलं, बघू.

सरोवराच्या काठी, ताडासारख्या झाडांखाली आम्ही तंबू ठोकला. वारा असा की खुंट्या उपटून निघत. सूर्य कलला, मी कुकर लावला, आणि जेवणाआधीचं इन्शुलिन घ्यायला म्हणून अरविंद गाडीकडे गेला. बराच वेळ तो परत आला नाही. मी गेले तर तो गाडीतलं सामान पुन्हा पुन्हा वरखाली करत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ती बाभळीखालीच राहिली."

मी लॅबमध्ये काम करणारी. शरीराला इन्शुलिन मिळालं नाही तर काय होतं आणि किती लवकर होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. कामाऊ किल्ली घेऊन धावला, पण गाडीखाली वाकून बघतो तर त्या दगडांवर आदळून मागच्या चाकांवर गाडीचा भार पेलणारी मुख्य कमानपट्टी तुटलेली. गाडी हलणार नव्हती. केतकी गावातल्या दवाखान्यात पळाली. दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि ॲग्नेस नावाची एक नर्स. तिच्याकडे इन्शुलिन नव्हतं. तिनं रेडिओवरून विमान मागवलं, पण उत्तर आलं की वारा पडल्याशिवाय त्या धावपट्टीवर कुणी उतरू शकत नाही. आणि तिथला वारा तर, ॲग्नेसच म्हणाली, वर्षातले फार थोडे दिवस पडतो. गावात दुसरी एकच गाडी होती आणि ती कालच बाहेर गेली होती.

सकाळपर्यंत अरविंदला उलट्या सुरू झाल्या. त्याला सारखी तहान लागत होती आणि पाणी पोटात ठरत नव्हतं. त्याच्या श्वासाला तो पिकल्या फळासारखा गोडसर वास येऊ लागला तेव्हा आम्ही त्याला उचलून दवाखान्यात नेलं. ॲग्नेसनं त्याला सलाइन लावलं. तो डोळे उघडून मला म्हणाला, "पिठलं मात्र झकास झालं होतं." बाहेर कामाऊ दोन तरुणांना घेऊन पायी परत निघायच्या तयारीत होता. एवढं अंतर पायी कापणं म्हणजे काय, ते त्यालाही ठाऊक होतं.

मी सरोवराच्या काठी गेले. पाण्यापर्यंत जाऊन उभी राहिले आणि सवयीप्रमाणे देवीला कामं सांगू लागले. वारा पाड. विमान पाठव. नाहीतर गाडीची पट्टी जोडून दे. नाहीतर ती दुसरी गाडी परत फिरव. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की आता सांगण्यासारखं काही उरलंच नाही. माझ्या डोक्यात येण्यासारख्या सगळ्या वाटा संपल्या होत्या. वारा एवढा होता की माझे शब्द मलाच ऐकू येत नव्हते. मी थांबले. मग हात जोडले की नाही ते आठवत नाही, पण म्हटलं, "आई, मला काही सुचत नाही. तुझं तू बघ." एवढंच. आणि काय सांगू, छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. काळजी गेली नव्हती, अरविंद बरा होईल अशी खात्रीही वाटली नव्हती. पण मी एकटी उभी नाही, एवढं मात्र मला स्वच्छ जाणवलं. मी तशीच उभी होते आणि मागून केतकीची हाक आली.

हाक नव्हे, आरोळी! "आई! आई! बाबांची बॅग! आई, ट्रक आलाय!" ती धावत येत होती, अनवाणी, एका हातानं ती नारिंगी पिशवी डोक्यावर धरून. पॅन्टचा पाय दगडात अडकून मी पडले, उठले, गुडघ्यातून रक्त आलं ते मला संध्याकाळी कळलं. आम्ही दोघी दवाखान्याकडे सुटलो. मागून कामाऊ, त्याचे ते दोन तरुण, गावातली पोरं, बायका, सगळे कशासाठी हे माहीत नसताना धावत होते. थर्मासचं झाकण घट्ट होतं. आत बर्फाचं पाणी झालेलं, पण ते अजून गार होतं. सिरिंज मी भरली.

दुपारी त्याच्या डोळ्यांत थोडी ओळख आली. ऊन उतरलं तसं त्याच्या पोटात पाणी ठरू लागलं. ॲग्नेसनं लघवी तपासायच्या कागदी पट्टीवरचा रंग पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्यानं हसली. बाहेर कामाऊनं शिट्टी वाजवली आणि दारात जमलेल्या बायकांनी गाणं धरलं. मी ज्यांना ओळखत नव्हते आणि ज्या मला ओळखत नव्हत्या अशा बायकांच्या घोळक्यात मी उड्या मारत होते. तिथे उड्या मारूनच नाचतात, आणि ते मला जमत होतं!

मग कुठे मी विचारलं, की पिशवी आणली कुणी? ॲग्नेसनं दुसऱ्या खोलीकडे बोट केलं. तिथे जमिनीवर एक तरुण बाई बसली होती. गळ्यात हनुवटीपर्यंत मण्यांच्या माळा आणि मांडीवर वर्षा-दीड वर्षाची मुलगी. मुलीलाही सलाइन लावलेलं. बाईचं नाव अकिरू. मी तिच्यासमोर बसले, तिचे दोन्ही हात धरले आणि मराठीतच बोलू लागले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. मग तिनं बोलायला सुरुवात केली. ॲग्नेस तिचं बोलणं केतकीला सांगायची आणि केतकी मला.

तिच्या मुलीला जुलाब होत होते. डोंगरातल्या वस्तीवरून ती तिला पाठीशी बांधून सरोवराकडच्या दवाखान्यात निघाली होती. त्या कोरड्या नदीपाशी पोचेपर्यंत तिच्या अंगातलं बळ सरलं. आम्ही निघून गेल्यावर थोड्याच वेळानं ती तिथे पोचली असावी, कारण वाळूत चाकांच्या खुणा ताज्या होत्या. रस्त्यानं सरोवराकाठच्या दुसऱ्या गावाला जाणारा मासळीचा एक ट्रक गेला. तिनं हात केला, पण तो थांबला नाही. ते कधीच थांबत नाहीत, ती म्हणाली. मग ती बाभळीच्या सावलीत टेकली आणि तिनं अकूजला सांगितलं. अकूज म्हणजे त्यांचा देव, वर आभाळात राहणारा. तिनं त्याला सांगितलं, आता माझ्याकडून होत नाही, तू बघ. आणि बाजूला हात टेकला तर हाताला ती पिशवी लागली.

माझा चेहरा बघून केतकी मराठीत सांगता सांगता मध्येच थांबली. मी तिला सरोवराकाठचं काहीच सांगितलं नव्हतं.

रात्र तिनं तिथेच काढली, आणि सकाळी दुसरा ट्रक आला तेव्हा अकिरूनं ती नारिंगी पिशवी डोक्यावर धरून हलवली. लांबून ड्रायव्हरला तो रंग दिसला, जवळ आल्यावर वरची अक्षरं वाचता आली, आणि तो थांबला. ॲग्नेसनं हळू आवाजात केतकीला सांगितलं की ही मुलगी दुपारपर्यंत आली नसती तर हाती लागली नसती.

अकिरूनं मग एक प्रश्न विचारला. तो ऐकून ॲग्नेसला हसू आलं. "शी सेज," केतकी म्हणाली आणि मग मराठीत वळली, "ती विचारतेय की, अकूजनं ही पिशवी तिला दिली होती, आतलं औषध तुमचं आहे हे तिला समजलं, पण पिशवी परत द्यावी लागेल का?"

मी हसत होते, रडत होते आणि मानेनं नाही, नाही म्हणत होते. सकाळपासून माझी समजूत अशी की देवीनं या बाईला माझ्या नवऱ्यासाठी पाठवलं. आणि हिची समजूत अशी की देवानं माझ्या नवऱ्याच्या हातून ती पिशवी हिच्या लेकीसाठी तिथे ठेववली. यातलं खरं कुठलं? मी पुष्कळ विचार केला आणि मग तो सोडून दिला. अरविंदला हे सांगितलं तेव्हा तो उशीवरून म्हणाला, "मी सावली बघून ठेवली होती." मग जरा वेळानं म्हणाला, "तिथे दुसऱ्याही बाभळी होत्या."

मासळीच्या ट्रकवाल्यांनी गाडीची पट्टी जोडून दिली. आम्ही आणखी थोडे दिवस राहिलो. केतकीची शाळा पाहिली. वाऱ्यानं उडू नये म्हणून प्रत्येक मूल पुस्तकावर दगड ठेवून वाचत होतं आणि केतकी त्यांच्या भाषेत त्यांना रागावत होती, हसवत होती. एका संध्याकाळी तिनंच विचारलं, "आई, तू मला समजवायला आली होतीस ना? मग काही बोलत का नाहीस?" मी म्हटलं, "तुझं तू बघ, बाळा." तिला वाटलं मी रुसले. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "रुसून नाही म्हणत. मोठ्या भरवशानं म्हणतेय." ती पुढे दोन वर्षं तिथे राहिली. डॉक्टर झाली नाही. आज ओहायोत डब्लिनला एका शाळेत शिकवते आणि तिच्या वर्गातली मुलं तिच्यावर जीव टाकतात. मी देवीला सांगितलेल्या कामांत हे काम कुठेही नव्हतं.

निघायच्या सकाळी अकिरू मुलीला कडेवर घेऊन आली. मुलीचं अंग भरलं नव्हतं, पण डोळे टक्क उघडे होते आणि तिच्या मुठीत माझी अर्धी चकली होती. तिकडे आशीर्वाद देण्याची एक रीत आहे. तोंडात पाणी घेऊन ते समोरच्यावर हलकेच फवारतात, त्यांच्या कोरड्या मुलुखात पाण्याहून मोठं द्यायला दुसरं काय असणार! अकिरूनं माझ्या कपाळावर पाणी फवारलं, केतकीच्या, कामाऊच्या. मग ती अरविंदसमोर उभी राहिली. कुठल्याही देवळात आत न जाणारा माझा नवरा, त्यानं टोपी काढली, चष्मा काढला, डोळे मिटले आणि मान खाली घातली. पाण्याचे थेंब त्याच्या भुवयांवरून ओघळत होते आणि ते पुसायला त्यानं हात वर नेला नाही.

ती कृपा कुणाकडून कुणाकडे गेली, हे मी आता विचारत नाही. ती माझ्या अंगावरून गेली, एवढं मला कळलं, आणि एवढंच कळण्यासाठी मला इतक्या लांब नेलं, म्हणून मी आजही हात जोडते.